नानांच्या टॅबमधला आवाज

आमच्या घरात वस्तू टाकून देत नाहीत. फुटक्या बादलीत कोरफड लावतात, विरलेल्या चादरीचं पायपुसणं करतात, आणि जे अगदीच कशाच्याही कामाचं उरत नाही ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात, कधीतरी लागेल म्हणून. तो टॅब त्या फळीवर होता. धाकट्या भावाला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा त्यानं तो नानांसाठी आणला होता. नाना त्यावर तेलुगू सिनेमे बघायचे. पुढं त्याची काच कोपऱ्यात तडकली, तो तापायला लागला, सिनेमा ऐन मारामारीत अडकायला लागला. मग एक दिवस नानांनीच त्याला फडक्यात गुंडाळलं आणि वर ठेवून दिलं.

नाना म्हणजे माझे वडील. आम्ही विणकर. घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी अशीच आमची सगळी गल्ली बोलते. घरातलं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे. नानांनी तीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. मला मात्र त्यांनी कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकू दिलं नाही. मी डबा घेऊन जायची ती दारापर्यंत. आतून मागांचा असा खडखडाट यायचा की दारात उभं राहून हाक मारली तरी आपली आपल्याला ऐकू येत नसे. नाना बाहेर यायचे, डबा घ्यायचे, आणि 'शाळेत जा' एवढंच म्हणायचे. घरीही ते फार बोलत नसत. बोलणं म्हणजे आईचं काम, अशी आमच्याकडे वाटणी होती.

मी शिकले, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. लग्न केलं नाही किंवा झालं नाही; दोन्ही खरं आहे. आई आजारी पडली तेव्हा ती जाईपर्यंत तिचं सगळं मी केलं. त्या दिवसांत नात्यातल्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, पोरगी आहे म्हणून निभावलं. ते ऐकायला मला आवडायचं. पुढं पुढं ती माझी ओळखच झाली. अक्का करते, अक्का आहे ना. ही ओळख मला कुणाशी वाटून घ्यायची नव्हती, हे मी आज कबूल करते. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर अंगावर धावून गेले असते.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नानांना लकवा आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. नानांच्या तोंडून 'दा' एवढंच निघायचं. दा दा दा. पाण्यालाही दा, रागालाही दा. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसती वेटोळी काढायचे आणि पेन भिरकावून द्यायचे. मी शाळेत असताना शेजारीण अधूनमधून डोकावून जायची; बाकी सगळं माझ्याकडे.

आणि त्यांचा तो डावा हात. खाटेवर टेकून बसवलं आणि मी समोर आले की तो सुरू व्हायचा. मूठ वळायची, डाव्या खांद्यावर दोनदा टेकवायची, मग मूठ उघडून तळहात उलटा करायचा. दिवसातून वीस वेळा. मला वाटलं खांदा दुखतो, म्हणून बाम चोळला. वाटलं कूस बदलायची आहे, म्हणून त्यांना उलटं वळवलं. ते डोळे वटारून दा दा करायला लागले. पंखा लावून पाहिला, बंद करून पाहिला. लघवीचं भांडं आणलं, परत नेलं. शेवटी माझाही तोल जायचा. "काय पाहिजे ते नीट सांगा ना!" असं मी वाचा गेलेल्या माणसावर ओरडायची. मग मोरीत जाऊन तोंड धुवायची आणि परत यायची. हात तोच असायचा. मूठ, खांदा, तळहात.

त्या हाताला काय म्हणायचंय ते कळावं, एवढंच मला हवं होतं.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांना मी हात करून दाखवला. त्या म्हणाल्या, कधीकधी एखादी हालचाल सवयीनं होत राहते, तिच्या फार मागं लागू नका. त्यापेक्षा चित्रांचा फळा करून बघा. टॅबवर चित्रं असतात, पेशंट चित्रावर बोट ठेवतो आणि टॅब ते वाक्य बोलतो. पाणी, चहा, दुखतंय, झोपायचंय. ॲप फुकट आहे. "घरी टॅब आहे का?" त्यांनी विचारलं. मी ताठ होऊन आहे म्हणाले.

घरी येऊन टॅब खाली काढला, पुसला, चार्जिंगला लावला. अर्ध्या तासानं तो जिवंत झाला तेव्हा मला केवढा आनंद झाला. आनंद फार टिकला नाही. ॲप उतरवून घ्यायला गेले तर हे तुमच्या टॅबवर चालणार नाही असं उत्तर आलं. टॅब जुना, त्याची सिस्टीम त्याहून जुनी, आणि बनवणाऱ्यांनी तिच्यात सुधारणा करणं कधीच थांबवलेलं. मोबाइलच्या दुकानात नेला तर तिथल्या माणसानं तो हातातही घेतला नाही. "मॅडम, ह्यो आता भंगार हाय. नवा घ्या की."

रविवारी धाकट्याचा फोन आला. तो दर रविवारी करतो. मी टॅबचं सांगितलं तर म्हणाला, "अक्का, मी नवा पाठवतो, परवा घरी येईल."

"नको. घरात आहे."

"अगं पण तो चालत नाही ना?"

"मी चालवते."

"मी येऊ का आठ-पंधरा दिवस? घरून काम करता येतं मला."

"येऊन काय करणार तू? तुला त्यांचं भांडं तरी देता येईल का? तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस," मी म्हणाले आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं वाटलं.

मुलांना शिकवताना मी एक धडा नेहमी सांगते: जगात काही माणसं सिस्टीम लिहितात आणि कुणीही घ्या, बदला, वापरा म्हणून मोकळी सोडून देतात. पाणपोईसारखं. कोण पाणी भरून गेलं ते पिणाऱ्याला माहीत नसतं. आतापर्यंत मी हे पुस्तकातून सांगत होते, आता स्वतःवर वेळ आली. शोधता शोधता एका ठिकाणी आमच्या नेमक्या टॅबसाठी कुणीतरी तशी सिस्टीम तयार करून ठेवलेली सापडली. खाली शेवटचं बोलणं कितीतरी वर्षांपूर्वीचं होतं. गाव उठून गेल्यावर देवळात दिवा जळताना दिसावा तसं मला झालं.

पहिला रविवार नुसता वाचण्यात गेला. दुसऱ्या रविवारी नानांना आंघोळ घालून, डाळ-भात मऊ कालवून भरवून, त्यांच्याच खाटेशेजारी जमिनीवर मी लॅपटॉप, केबल आणि टॅब मांडला. आधी एक छोटा प्रोग्रॅम टॅबमध्ये घालायचा, मग त्याच्या मदतीनं जुनं सगळं पुसायचं, मग नवी सिस्टीम बसवायची. टॅबची दोन बटणं एकदम दाबून धरायची, ठरावीक वेळी एक सोडायचं. बटणं दाबून दाबून माझे अंगठे दुखायला लागले. केबल जरा हलली की लॅपटॉप म्हणायचा, टॅब कुठे आहे? आणि बाजूला खाटेवर नानांचा हात सुरू. मूठ, खांदा, तळहात.

"थांबा जरा," मी म्हणाले.

दा.

"नाना, तुमच्यासाठीच चाललंय हे. थांबा."

दा दा. मूठ, खांदा.

"गप्प बसा हो दोन मिनिटं!"

आता हे लिहिताना लाज वाटते. ज्या माणसानं बोलावं म्हणून मी ऊर फुटेस्तोवर धडपडत होते, त्यालाच मी गप्प बसा म्हणत होते. पण तेव्हा माझं सगळं लक्ष त्या काचेच्या तुकड्यावर होतं. नानांनी हात खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

सिस्टीम बसली. टॅब सुरू झाला. एक गोल फिरायला लागला, फिरत राहिला, बंद झाला, परत गोल. सुरू व्हायचा तो नुसता सुरूच होत राहायचा. मी चूक कुठे केली ते मला आधीच ठाऊक होतं. जुनं सगळं पुसा, या पायरीवर माझा हात थांबला होता. त्यात नानांचे सिनेमे होते, आईचे फोटो होते. फोटो मी लॅपटॉपवर काढून घेतले होते, दोनदा तपासलेही होते, तरी पुसायचं जिवावर आलं. राहू दे, असेना का, असं म्हणून मी ती पायरी सोडून पुढं गेले. मुलांना मी हेच करू नका म्हणून सांगते. फळीवर वस्तू ठेवणाऱ्या घरातली मी, जुन्याच्या डोक्यावर नवं ठेवून मोकळी झाले आणि दोन्ही अडकून बसली.

त्या ओसाड पानावर मी माझी अडचण लिहिली. कुणी वाचेल असं वाटत नव्हतं. दोन दिवसांनी कुठल्याशा थंड देशातल्या माणसाचं उत्तर आलं. पुसण्याची पायरी टाळू नका, केबल बदलून बघा, बॅटरी भरपूर असू द्या, आणि घाई करू नका, टॅब मेलेला नाही. शेवटी त्यानं विचारलं होतं, एवढ्या जुन्या टॅबचं काय करणार? मी लिहिलं, वडिलांना बोलतं करायचं आहे. त्यावर त्यानं बसवण्याच्या सगळ्या पायऱ्या माझ्यासाठी पुन्हा नीट लिहून पाठवल्या. ओळख ना पाळख, त्याची मदत मी दोन्ही हातांनी घेतली. पाठच्या भावाची घेता येत नव्हती.

तिसऱ्या रविवारी नेमका पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही; येतं तेव्हा टाकी, पिंप, हंडे, कळशा सगळं भरून घ्यावं लागतं. सिस्टीम अर्धी चढली होती आणि नळ वाजायला लागला. मी इकडे टॅब बघू का तिकडे पाणी बघू. केबलला धक्का लागू नये म्हणून नानांच्या खाटेखाली टॅब सरकवला आणि कळशा उचलायला धावले. परत आले तेव्हा पदर ओला, कंबर धरलेली, आणि टॅबवर एक स्वच्छ, कोरी, निळी पाटी उघडलेली. भाषा निवडा, असं ती विचारत होती. मी मटकन खाली बसले. "नाना, झालं!" असं ओरडले. नानांनी टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मूठ खांद्याला लावली.

ॲप चाललं. पण ते चित्रांची वाक्यं आमच्या भाषेत बोलेना. तेलुगूचा आवाज त्या जुन्या टॅबला झेपत नव्हता, आणि मराठीचा होता तो असा की जणू स्टेशनवर गाडी उशिरानं येत असल्याचं सांगतोय. मात्र त्या ॲपमध्ये आपला आवाज भरता येत होता. मग एका गुरुवारी शाळेतून आल्यावर, नानांचं सगळं आवरून, भाकरी टाकायच्या आधी मी चाळीस चित्रांना माझा आवाज दिला. पाणी हवंय. चहा हवाय. पंखा लाव. दुखतंय मला. बाहेर बसायचंय. एकामागून एक, उरकून टाकली.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी टॅब नानांच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट धरून पाण्याच्या पेल्याच्या चित्रावर टेकवलं. टॅबमधून माझा आवाज आला, "पाणी हवंय." नाना दचकले. मी हसून म्हणाले, "आता तुम्ही दाबा." त्यांनी चहाच्या कपावर बोट ठेवलं. "चहा हवाय." त्यांनी टॅबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हातानं टॅब हळूच बाजूला सारला.

मी परत ठेवला. त्यांनी परत सारला. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरून दाबायला लावलं, तेव्हा त्यांनी हात हिसडून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं माझ्या मनात आलं, आणि नुसतं मनात राहिलं नाही. तीन रविवार घातले, अंगठे सुजले, लोकांच्या पाया पडले, आणि तुम्हाला त्याचं काही नाही, असं मी त्यांना सुनावलं. त्यांना समजतं सगळं, हे डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं, तरी सुनावलं. नंतर दिवसभर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. टॅब मात्र मी रोज चार्ज करून त्यांच्या उशाशी ठेवत राहिले. त्यात प्रेम किती आणि हट्ट किती ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात नानांच्या कारखान्यातले एक जुने सोबती आले. मी त्यांना चाचा म्हणते. माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर, ते काम चाचांकडे होतं. स्वतःच्या गुडघ्यांच्या दुखण्यानं ते महिनोन्‌महिने घराबाहेर पडले नव्हते. मी त्यांना खुर्ची दिली. ती खाटेपासून जरा लांब, दाराजवळ होती. म्हटलं, "चाचा, त्यांना बोलता येत नाही. तुम्हीच बोला, त्यांना समजतं." आणि चहा ठेवायला आत गेले.

आतून कान देऊन ऐकत होते. काहीच आवाज नाही. मला वाईट वाटलं. बिचारे चाचा, काय बोलावं सुचत नसेल. चहा घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले.

दोघं बोलत होते. चाचांच्या दोन्ही हातांची बोटं झपाझप चालत होती, नानांचा एकटा डावा हात त्यांना उत्तर देत होता. बोटांची कात्री झाली, तळहात आडवा झाला, अंगठा मागं गेला. चाचा ओठ हलवत होते पण आवाज काढत नव्हते. नानांनी नाकाजवळ बोट नेऊन काहीतरी केलं आणि चाचा पोट धरून हसले. नानाही हसले. अर्धा चेहरा हसला, अर्धा तसाच राहिला. लकव्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. कपातला चहा बशीत सांडला तो मला कळलाही नाही.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "बोलतोय की आमी. कारखान्यात असंच बोलायचं, बेटी. मागांच्या आवाजात तोंडाचं कुटं ऐकू येतंय? धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, मालक आला, समदं हातानं."

"नाना असे बोलायचे?"

"ह्यो?" चाचा परत हसले. "आख्ख्या कारखान्यात ह्याच्यासारखा बडबड्या दुसरा न्हवता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा हाणायचा. मालकाची नक्कल करायचा. हसून हसून आमचं काम ऱ्हायचं."

मी नानांकडे बघत राहिले. आयुष्यभर मी त्यांना अबोल समजत आले होते. ते बोलत होते ते त्या दाराच्या आत, आणि मी डबा देऊन दारातूनच परत जात होते. मला फार राग आला. कुणाचा ते मला ठरवता येईना, पण आला.

मग मी चाचांना ती खूण करून दाखवली. मूठ, खांदा, तळहात. "याचा अर्थ काय?"

"बदली," चाचा लगेच म्हणाले. "दोन-दोन पाळ्या येकाच मानसानं मारल्या, त्याच्या जागी येनारा आला न्हाय, आन् त्यो स्वतः तर मागावरनं हलू शकत न्हाय. मग बाजूचा मला खूण करायचा. म्हंजे, ह्यो गडी दमलाय, ह्याला बदली पाठवा. स्वतःसाठी कुनी करत न्हवतं ही खूण. लाज वाटायची. दुसऱ्यासाठीच करायचे."

"पण इथं कोण दमलंय?"

चाचांनी नानांना हातानंच विचारलं. नानांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुज्यासाठी मागतोय, बेटी. लई दिवस झाले, देत न्हाय म्हनतोय कुनी."

मला तेव्हा रडू आलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मी म्हणाले, "मला काय धाड भरलीय? दमायला काय झालं? जुनी सवय आहे हाताला, मॅडमनीही सांगितलंय." आणि कपबशा उचलून आत गेले. चाचा निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही उगाच म्हणत नाहीत. मी स्वतःची समजूत घालत होते की नाना अजून कारखान्यातच आहेत, त्यांच्या डोक्यात पाळ्या आणि बदल्या चालू आहेत, त्यात माझा काही संबंध नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांच्यासमोर यायची भीती वाटायला लागली. मी ताट ठेवायची आणि पाठ करायची.

चार दिवसांनी पुन्हा पाणी आलं. पहाटे पाचपासून मी भरत होते. शेवटची कळशी उचलताना कमरेत अशी कळ आली की कळशी तिथंच सोडली. कशीबशी भिंतीला धरून खोलीत आले आणि नानांच्या खाटेला टेकून जमिनीवर बसले. त्यांनी वर मान केली. "काही नाही," मी म्हणाले, "बसले जरा."

डोळे मिटून घेतले होते. उशाजवळ खुडबुड झाली. मग माझाच आवाज आला, "चहा हवाय."

मी डोळे उघडले. नानांनी टॅब पोटावर ओढून घेतला होता. "चहा देते हां," मी म्हणाले आणि उठायला लागले. त्यांनी जोरात मान हलवली. बोट सरकलं. "पंखा लाव." पुन्हा मान हलवली. "बाहेर बसायचंय." नाही. तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. खेकसणारा, घाई झालेला, उपकार करणारा. पाणी मागतानाही ओरडणारा. नानांनी पाणी मागावं ते या आवाजात, असं मी ठरवलं होतं. मी असते तर मीही टॅब सारला असता.

बोट आणखी खाली सरकलं आणि थांबलं.

"दुखतंय मला."

चाळीस वाक्यांत तेवढं एकच वाक्य खेकसलेलं नव्हतं. त्या गुरुवारी ते नेमकं कधी भरलं ते मला आठवेना, पण ते बोलताना मी नुसती दमलेली होते, दुसरं काही नव्हते. नानांनी बोट काचेवरून उचललं आणि माझ्याकडे केलं. परत दाबलं. "दुखतंय मला." परत माझ्याकडे. त्यांचा ओठ एका बाजूनं वाकडा झाला होता आणि ते 'दा'सुद्धा म्हणत नव्हते. टॅब बोलत होता माझ्या आवाजात, आणि म्हणणं त्यांचं होतं.

"हो," मी म्हणाले. "दुखतंय."

म्हटलं आणि बांध फुटला. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते. नानांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला, केसांत अडकला, तिथंच राहिला. नळ कधी गेला ते कळलं नाही.

रविवार नव्हता, धाकट्याच्या फोनचा दिवस नव्हता. मीच लावला. इतक्या सकाळी माझा फोन म्हटल्यावर तो घाबरूनच बोलला, "अक्का, काय झालं? नाना बरे आहेत ना?"

"नाना बरे आहेत," मी म्हणाले. "मला बरं नाही. तू ये."